टोचल्यानंतरचा अर्धा तास

दीड महिन्याचा, अडीच महिन्याचा, साडेतीन महिन्याचा. शिरूर-दौंडच्या गावांत तान्ह्याचं वय असं डोसांवर मोजतात. टोचून झालं की सिस्टर सांगतात, "अर्धा तास बसा, मग जा." बाळ रडून दमलेलं, आई उपकेंद्राच्या ओट्यावर टेकलेली, आजीच्या पिशवीत टोपडं आणि कार्ड. बाळाला गप्प करायला कुणीतरी मोबाइल पुढं करतं. त्या जागी जाड पानांचं एक चित्रांचं पुस्तक असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

कल्पना माझी नाही. १९८९ मध्ये बॉस्टनच्या सरकारी रुग्णालयात बॅरी झुकरमन, रॉबर्ट नीडलमन आणि सहकाऱ्यांनी 'रीच आउट अँड रीड' हा उपक्रम सुरू केला. गरीब घरातलं मूल तपासणीला आलं की डॉक्टर त्याच्या हाती पुस्तक देत आणि ते घेऊन मुलाशी कसं बोलायचं, हे आईला दाखवत. यात डॉक्टरांचाही फायदा होता. सहा महिन्यांचं बाळ पुस्तक तोंडात घालतं, वर्षाचं चित्रावर बोट ठेवतं, दीड वर्षाचं दोन-तीन पानं एकदम उलटतं. हात, नजर, कान, बोली यांची वाढ वजनकाट्यावर दिसत नाही; पुस्तकावर दिसते.

पण हे दवाखान्यातच का? शाळेचं दार सहाव्या वर्षी उघडतं, अंगणवाडीतलं शिकणं तिसऱ्या वर्षी. मेंदू सर्वांत झपाट्यानं वाढतो तो त्याआधी, आणि तेव्हा जवळपास प्रत्येक घरी पोचते ती आरोग्ययंत्रणाच. साडेतीन महिन्यांच्या डोसानंतर थेट नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस. मधल्या काळासाठी आणि त्यापुढंही २०१८ पासून आशाताईंच्या गृहभेटी ठरल्या आहेत: तिसरा, सहावा, नववा, बारावा, पंधरावा महिना. बाळाशी खेळा, बोला, हा सल्ला माता-बाल संरक्षण कार्डावर छापलेलाही आहे. वाट आहे, माणसं आहेत, सल्ला आहे. हातात द्यायची वस्तू तेवढी नाही.

या मातीला असे प्रयोग परके नाहीत. शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजींनी गावातल्याच बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये बायका छापखाना चालवत. त्याच रमाबाईंनी अमेरिकेत असताना बालवाडीच्या फ्रोबेल पद्धतीचा अभ्यास केला होता. एकीनं आरोग्य घराच्या उंबऱ्यापर्यंत नेलं, दुसरीनं छापील अक्षर बायकांच्या हाती दिलं. दोन्ही वाटा एका ओट्यावर आणायच्या, इतकंच उरलं आहे.

आक्षेप येतील, आणि ते खरे आहेत. उसाच्या फडात राबणाऱ्या आईला वाचता येत नसेल तर? रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यावर आलेल्या कुटुंबाची घरची बोली वेगळी असेल तर? म्हणून पहिलं पुस्तक बिनशब्दांचं हवं. चित्रातली म्हैस ओळखायला अक्षर लागत नाही, आणि ती भोजपुरीतही म्हैसच असते. उलट "पुस्तक आपलं काम नव्हं" असं मानणाऱ्या आईला डॉक्टरांनी "तुम्हीच सांगा याला गोष्ट" म्हणणं, हीच मोठी मात्रा आहे. औषधाइतकाच दवाखान्यातल्या शब्दालाही मान असतो.

दुसरा आक्षेप आशाताईंचा: आणखी एक रजिस्टर? अजिबात नको. पुस्तकाबरोबर रकाना आला की पुस्तक संपलं.

खरी भीती तिसरीच आहे. अडीच वर्षांच्या लेकराला इंग्रजी माध्यमाच्या बसमध्ये चढवण्याचा हा काळ. पुस्तक हाती पडताच "हे काय? ए फॉर?" सुरू होईल, आणि मांडीवरचा खेळ परीक्षेत बदलेल. तसं होणार असेल तर पुस्तक न दिलेलंच बरं. ते अक्षर शिकवायला नाही. एका मोठ्या माणसानं मोबाइल बाजूला ठेवून एका लहानग्याला मांडीवर घ्यावं, यासाठीचं निमित्त आहे.

मग चाललंय की नाही, हे कळायचं कसं? पुढच्या डोसाला पुस्तक सोबत आणायला सांगावं. कोपरे चावलेले, एक पान फाटलेलं, वरणाचा डाग पडलेला असेल, तर तीच नोंद. कोरं करकरीत परत आलं, तर मात्र सिस्टरनं आईजवळ जरा जास्त वेळ बसावं.