स्थैर्य, संचार आणि नीती

माणसाने एका जागी राहावे की ऋतूंबरोबर चालावे, हा प्रश्न वरवर भूगोलाचा वाटतो. वस्तुतः तो नीतीचा आहे. चालणाऱ्याविषयी आपण जो निर्णय देतो, तो त्याच्या चालण्यापेक्षा त्याच्या सामाजिक स्थानावरच अधिक अवलंबून असतो.

ब्रिटिश सत्तेने १८६४ मध्ये सिमल्याला उन्हाळी राजधानी केले. उष्मा टाळण्यासाठी सरकारी दप्तर दर वर्षी हिमालयात जाई आणि त्या प्रवासाला राज्यकारभार म्हणत. त्याच सत्तेने १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून अनेक भटक्या समूहांना जन्मतःच संशयित ठरवले. स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला गेला. लोकमानसातून तो पुरता गेला, असे म्हणवत नाही.

या पार्श्वभूमीवर दख्खनच्या पठारावरील धनगर मेंढपाळांकडे पाहावे. पावसाळ्यात ते आपल्या कमी पावसाच्या मुलखात असतात, कारण कोकणातील मुसळधार पाऊस मेंढीला सोसत नाही. दिवाळी सरली, माळावरचे गवत-पाणी आटू लागले, की त्यांतील अनेक वाडे घाट उतरतात. कापणी झालेल्या भातखाचरांत मेंढ्या बसवल्या जातात. शेताला लेंडीखत मिळते, मेंढपाळाला धान्य. पाऊस येण्यापूर्वी वाडा माघारी फिरतो.

श्रमणपरंपरेतील भिक्षूही वर्षावासात एका जागी राहत आणि एरवी चालत. त्यांच्या संचारात आपल्याला अपरिग्रह दिसतो, मेंढपाळाच्या संचारात मात्र मागासलेपण. अर्थात हे साम्य फार ताणू नये. भिक्षूने घर स्वेच्छेने सोडलेले असते. मेंढपाळ आपले बिऱ्हाड तट्टावर लादून बरोबर नेतो. त्या बिऱ्हाडात शाळा अर्ध्यावर सुटलेली मुले असतात, पालाच्या आडोशाला बाळंत होणारी स्त्री असते. या जगण्याला केवळ काव्य समजणे, हाही त्याच्यावरचा अन्यायच होय.

तेव्हा स्थैर्य किंवा संचार यांपैकी कोणताही स्वयमेव सद्गुण ठरत नाही. ज्या भूमीवर आपण उतरतो, तिला काय देतो आणि निघताना तिला कोणत्या अवस्थेत सोडतो, ही खरी कसोटी. तिच्यावर मेंढपाळ उतरतो. प्रश्न उरतो तो घर न हलवणाऱ्यांचा. पत्ता बदलत राहणाऱ्या माणसाला शाळा, दवाखाना आणि चराईची वाट देणे याला आपण मेहेरबानी समजतो. प्रत्यक्षात, त्याच्या मेंढ्यांच्या खतावर पिकलेल्या भाताचे ते देणे आहे.