निरोप पोचला का?



26 डिसेंबर 2004. नाताळच्या दुसऱ्या दिवशीचा रविवार. सुमात्राजवळ समुद्राच्या तळाशी भूकंप झाला आणि सुमारे दोन तासांनी त्सुनामीच्या लाटा तामिळनाडूच्या किनाऱ्यावर आदळल्या. वेलंकणीला आलेले कित्येक यात्रेकरू त्यात वाहून गेले. हाताशी दोन तास होते, पण सावध करणारे कोणी नव्हते. पॅसिफिक महासागरात इशारा देणारे केंद्र 1949 पासून होते. हिंदी महासागरात मात्र तशी व्यवस्थाच नव्हती.

पुढे ती उभी राहिली. 2007 पासून हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ संस्थेतील केंद्र रात्रंदिवस समुद्रावर पहारा देते. भूकंपाच्या नोंदी, भरती-ओहोटीची मापे, समुद्रतळाशी पाण्याचा दाब टिपणारी उपकरणे यांची माहिती तेथे जमा होते. 2011 पासून भारत, इंडोनेशिया व ऑस्ट्रेलिया मिळून या महासागराभोवतीच्या इतर देशांनाही सावध करतात. लाट सरहद्द पाळत नाही. पहाऱ्यानेही ती पाळून चालणार नाही.

मग सारे काम झाले का? 2017 साली ओखी वादळ आले, तेव्हा केरळ व कन्याकुमारीकडील अनेक मच्छीमार आधीच खोल समुद्रात गेले होते. तेथे मोबाइल लागत नाही. इशारा किनाऱ्यावर आला, त्यांच्यापर्यंत पोचला नाही. शेकडो जण परतले नाहीत. 2004 मध्ये इशाराच नव्हता. 2017 मध्ये तो होता, पण ज्याच्या जिवावर बेतले त्याला मिळाला नाही. त्यानंतर 2019 मध्ये उपग्रहावरून बोटीवर थेट इशारा पोचविणारे ‘जेमिनी’ हे उपकरण आले.

आणखी एक गोष्ट बोलायला हवी. समुद्रात सोडलेल्या बोयांभोवती मासे जमतात. म्हणून काही बोटी बोयालाच दोर बांधतात. उपकरणे मोडतात, चोरीलाही जातात. पोटाची निकड आम्ही जाणतो. परंतु एका दिवसाच्या मासळीसाठी आपण कोणाचा पहारेकरी झोपवतो? कदाचित आपल्याच भावाचा.

आम्हांला वाटते, माहिती मिळाली की तिच्याबरोबर जबाबदारीही येते. वादळाची बातमी ऐकून आपण आपले दार लावून घेतले, तर आपण वाचू. पण शेजाऱ्याचे ऋण डोक्यावर राहील. पुढच्या वेळी इशारा आला, तर ज्या घरातले माणूस दर्यावर आहे त्या घरी आधी जाऊ या आणि विचारू या : निरोप पोचला का?