मानवणे

माझा पुतण्या मुंबईत वाढलेला. गेल्या चतुर्थीला तो आमच्या कट्टा गावी आला तो खांद्यावर इलेक्ट्रिक गिटार आणि हातात तिचा अ‍ॅम्प्लिफायर घेऊन. दुसऱ्या रात्री आमच्या घरी वाडीचे भजन होते, आणि बुवांनी मोठ्या मनाने त्याला पेटीच्या शेजारी बसून साथ करण्याची मुभा दिली. मला आधी वाटलेली धास्ती दहाव्या मिनिटाला ओसरली, कारण मुलाचा कान चांगला होता आणि बुवांच्या सुराच्या पुढे न जाण्याचा विवेक त्याच्यापाशी होता. गजर चढत गेला, झांजांनी लय पकडली, आणि त्याच क्षणी वीज गेली. पावसाळ्यात आमच्याकडे ही गोष्ट इतकी नित्याची की कोणी डोळेदेखील उघडले नाहीत. पखवाज थांबला नाही, पेटीचा भाता थांबला नाही, बुवांनी सूर सोडला नाही, आणि माटवीखालच्या समईच्या उजेडात गजर जसा चालला होता तसाच चालत राहिला. माझा पुतण्या मात्र एकाएकी एकटा पडला. त्याची बोटे पडद्यांवरून फिरत होती, तारा खरोखरच कंप पावत होत्या, परंतु पोकळ पोट नसलेल्या त्या भरीव लाकडातून निघणारा बारीक तुसतुस आवाज त्याच्या स्वतःच्या कानांपलीकडे जात नव्हता.

आरती झाली, प्रसाद वाटला गेला, मंडळी पुढच्या घरी निघाली. खळ्यात माझ्याजवळ येऊन तो म्हणाला, “काकानू, लाकडाची गिटार माका मानवतली काय?”

प्रश्न त्याने एका वाद्याविषयी विचारला होता, आणि अशा प्रश्नाला दुकानदार देतो तसे उत्तर मलाही देता आले असते. पण ‘मानवणे’ या क्रियापदाने मला अडवले. पाणी मानवते, हवा मानवते, उकड्या तांदळाची पेज मानवते, एखादे औषध मानवत नाही. आवडणे मनाच्या स्वाधीन असते, मानवण्याचा फैसला देह करतो, आणि तोही काही दिवस गेल्यावर. आवडणाऱ्या गोष्टी न मानवल्याचे आणि नावडत्या गोष्टी मानवल्याचे दाखले प्रत्येकाच्या घरात आहेत. कठोपनिषदात यम नचिकेताला श्रेय आणि प्रेय यांतला भेद सांगतो, तो याच जातीचा म्हणून मला त्या रात्री प्रथम आठवला. ते उत्तर मोठे सोयीचे होते: वीज हे प्रेय, लाकूड हे श्रेय, शहाण्याने श्रेय निवडावे. सकाळपर्यंत मला त्या उत्तराची लाज वाटू लागली.

लाज वाटण्याचे कारण आमच्या घरातच, देवाच्या पाटाशेजारी होते. ज्या पेटीवर आमच्या जिल्ह्यातले सारे भजन उभे आहे, ती पेटी युरोपातून आलेली. पायाने भाता हालवण्याच्या मूळच्या वाद्याला एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्यात हातभात्याचे रूप मिळाले आणि मग ते मांडी घालून बसणाऱ्या आपल्या लोकांच्या हाती आले. पायपेटी तर आमच्या दशावताराने आजही सोडलेली नाही. या वाद्याला श्रुती दाखवता येत नाहीत, मींड घेता येत नाही, ते परके आणि अशुद्ध आहे, असे म्हणून १९४० साली आकाशवाणीने त्याला आपल्या केंद्रांवर बंदी केली, आणि ती बंदी उठू लागण्यास १९७१ साल उजाडावे लागले. आक्षेप घेणारी माणसे अडाणी नव्हती. श्रुतींविषयीचा त्यांचा मुद्दा आजही खोडता येणार नाही. तरीही त्या तीस वर्षांत आमच्या गावांतल्या एखाद्या देवळाने पेटी बाहेर ठेवली असेल असे मला वाटत नाही. ज्या वाद्याला सरकारी हुकमाने अपात्र ठरवले त्याच वाद्यावर सूर धरून माझ्या वडिलांनी आयुष्यभर हरिपाठ म्हटला. तेव्हा शुद्धतेच्या नावाने एका मुलाला लाकडाची शिफारस करण्याचा अधिकार मला कोठून येणार?

ज्याने मला वाट दाखवली तो ग्रंथकार आपल्याच मातीतला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांकडे, सिंघणाच्या कारकिर्दीत, शार्ङ्गदेव हा पंडित राज्याच्या हिशेबाच्या खात्यावर अधिकारी होता. त्याचे घराणे काश्मीरातून दक्षिणेत आलेले. दिवसा जमाखर्च तपासणाऱ्या या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, आणि त्याच्या आरंभी स्वर-राग यांच्याही आधी नाद म्हणजे काय याचा विचार केला. नाद दोन प्रकारचा, आहत आणि अनाहत. आघाताने उपजणारा तो आहत; आघातावाचून असणारा, योग्यांनी उपासलेला, तो अनाहत. मग तो शब्दाची फोड करतो: ‘न’ म्हणजे प्राण, ‘द’ म्हणजे अग्नी, आणि प्राण व अग्नी यांच्या संयोगातून जन्मतो तो नाद. आत्म्याला बोलावेसे वाटते, तो मनाला प्रेरणा देतो, मन देहातल्या अग्नीवर आघात करते, अग्नी वायूला चाळवतो, आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मूर्धा आणि मुख या वाटेने वर चढत ध्वनी प्रकट करतो. हिशेबनीसाला शोभेल अशी ही मांडणी आहे. ध्वनीचा प्रत्येक टप्पा कोणाच्या खाती पडतो ते त्याने लिहून ठेवले आहे.

ही फोड हाती घेतली आणि पुतण्याच्या दोन वाद्यांमधला भेद मला निराळाच दिसू लागला. इलेक्ट्रिक गिटारमध्ये पोलादी तारेखाली लोहचुंबक असतो आणि त्याभोवती केसाएवढ्या तांब्याच्या तारेचे हजारो वेढे; तार हालली की चुंबकाचे क्षेत्र हालते, वेढ्यांत क्षीण प्रवाह उत्पन्न होतो, आणि तो प्रवाह बाहेरून आलेल्या विजेच्या बळावर शतपट करून भोंग्यातून सोडला जातो. तारेला छेडणारा प्राण वादकाचा. अग्नी मात्र खांबावरच्या तारेतून येतो. वीज हे अग्नीचेच एक रूप, हे आपल्याकडे वेदकाळापासून मानलेले आहे, म्हणून मी हे केवळ अलंकाराने म्हणत नाही. लाकडी गिटारमध्ये प्राण आणि अग्नी दोन्ही एकाच देहातून यावे लागतात. बोटाने जेवढे दिले तेवढेच लाकूड परत करते. त्याच्या पोकळ पोटात आवाजाला आकार मिळतो, मुद्दलात मात्र कवडीची भर पडत नाही.

उसन्या अग्नीची मी निंदा करीत नाही. इलेक्ट्रिक गिटारचा जन्म एका साध्या गाऱ्हाण्यातून झाला: नृत्याच्या मोठ्या वाद्यवृंदात कर्ण्यांच्या आणि नगाऱ्यांच्या गदारोळात गिटारवाल्याचे कोणाला ऐकूच येत नसे, आणि १९३२ च्या सुमारास लॉस एंजेलिसमध्ये रिकनबॅकरच्या कारखान्यातून पहिल्या विजेच्या गिटारी विक्रीला आल्या तेव्हा त्या गाऱ्हाण्याला कौल मिळाला. आमच्याकडे गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालणारा आता हातात माइक धरतो, आणि ‘व्हय म्हाराजा’ म्हणणारा शेवटचा माणूस देवळाच्या पायरीखाली उभा असला तरी त्याला शब्द ऐकू जातो. तो शब्द देवाला कमी पोचतो असे कोण म्हणेल? शिवाय ही उसनवारी फुकटची नाही. ज्या सामर्थ्याने स्वर मोठा होतो त्याच सामर्थ्याने चूकही मोठी होते. नको त्या तारेला करंगळी चुकून लागली तरी भोंगा ते जाहीर करतो. म्हणून इलेक्ट्रिक गिटारवाल्याची अर्धी साधना तारा दाबून मुक्या ठेवण्याची असते. हे मला पुतण्यानेच दाखवले: एक तार वाजत असताना उरलेल्या पाच तारांवर तळहाताची कड आणि मोकळी बोटे तो ज्या निगुतीने ठेवीत होता, तो संयम मी पुष्कळ जाणत्या माणसांच्या बोलण्यात पाहिलेला नाही.

सवाल होता तो या संयमात मुरलेल्या हाताला दुसरी शिस्त मानवेल काय, हा. मालवणच्या चर्चमध्ये गिटार वाजवणारा त्याचा एक मित्र आपली लाकडी गिटार आमच्या घरी ठेवून गेला. (कॅथलिक उपासनेतदेखील कोणत्या वाद्याला प्रवेश द्यावा हा वाद जुना, पोप दहाव्या पायसने १९०३ च्या आज्ञापत्रात पियानोला आणि गोंगाटी वाद्यांना चर्चमध्ये मनाई केली होती, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली ऑर्गनचा मान राखून, पवित्र कार्यास योग्य अशा अन्य वाद्यांना वाट मोकळी केली.) पुतण्याने ती मांडीवर घेतली आणि पहिल्याच दिवशी तक्रार केली की हिच्या तारा बोट कापतात. तक्रार रास्त होती. त्याच्या नेहमीच्या वाद्याची पहिली तार पाव मिलिमीटरची, हिची त्याहून जाड. सहा तारांचा मिळून ताण तिकडे सुमारे पंचेचाळीस किलो, इकडे सत्तरच्या पुढे. आणि बोटांपेक्षा मनाला अधिक लागणारी गोष्ट वेगळीच होती. तिकडे तिसरी तार साधी असते, ती बाजूला ओढली की स्वर मींडेसारखा वर चढतो आणि भोंग्याच्या कृपेने तेथे हवा तितका वेळ उभा राहतो. इकडे तिसऱ्या तारेवर जाड वेढा असतो, ती फारशी वाकत नाही, आणि स्वर उमटला की लगेच ओसरू लागतो. त्याला जे सर्वांत प्रिय होते तेच नेमके या वाद्यात नव्हते. हे झाकून ठेवून त्याला ‘जमेल हो’ म्हणणे खोटेपणाचे झाले असते.

तसे मी म्हटलेही नाही. मी त्याला एवढेच विचारले की स्वर ओसरतो तेव्हा तू काय करतोस? तो म्हणाला, पुढचा स्वर घाईने वाजवतो. आठव्या-दहाव्या दिवशी ती घाई थोडी कमी झालेली मला ओसरीवरून ऐकू आली. स्वराच्या मरणाला थांबवण्याचे साधन हाताशी नसले की वादकाला ते मरण ऐकावे लागते, आणि ते पूर्ण ऐकूनच पुढचा स्वर कोठे ठेवायचा ते ठरवावे लागते. माझी खात्री झाली ती येथे. लाकडी गिटार विजेच्या गिटारवाल्याला मानवते ती शुद्ध म्हणून नव्हे, आणि त्याची आवड बदलते म्हणूनही नव्हे. आपल्या नादातला आपला अग्नी किती आणि बाहेरचा किती, हा जमाखर्च ती त्याच्यापुढे ठेवते म्हणून. तो हिशेब एकदा कळल्यावर त्याने खुशाल पुन्हा वीज घ्यावी.

याची उलटी वाटही लोकांनी चालून पाहिली आहे आणि तिच्यावर काटे कमी नाहीत. १९६५ च्या जुलैत न्यूपोर्टच्या लोकसंगीताच्या मेळ्यात बॉब डिलन विजेची गिटार घेऊन उभा राहिला तेव्हा श्रोत्यांतल्या कित्येकांनी त्याची हुर्यो केली. लाकूड हीच त्यांची श्रद्धा होऊन बसली होती आणि गाणारा माणूस त्यांच्या लेखी त्या श्रद्धेचा केवळ पुजारी होता. एरिक क्लॅप्टनचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. विजेच्या गिटारवर ज्याचे सारे नाव, तो १९९२ च्या जानेवारीत थोड्या श्रोत्यांपुढे लाकडी गिटार घेऊन बसला आणि १९७० सालच्या आपल्या ‘लैला’ या गर्जणाऱ्या गीताची त्याने लय उतरवली आणि ते बसल्या बैठकीत गुणगुणावे तसे म्हटले. आर्त तेच होते. फक्त ओरडणाऱ्या तरुणाच्या जागी, ओरडून झालेला माणूस बोलत होता. पुढे त्याने विजेची गिटार सोडली नाही.

आणि ज्याला लाकूड मानवत नाही त्याचे काय? आपल्या परंपरेने अधिकारभेद मानला, तो पुष्कळदा माणसांना दाराबाहेर ठेवण्यासाठी वापरला गेला आणि त्याबद्दल आपल्याला खंत वाटली पाहिजे. पण त्या शब्दाचा एक कोवळा अर्थही आहे, की ज्याच्या त्याच्या प्रकृतीला झेपेल ती वाट त्याची. सहा महिने मन लावून वाजवूनही ज्याच्या हाताला त्या तारा शत्रूच वाटतात, त्याने अपराधी न वाटता ते वाद्य परत करावे. सहा महिन्यांच्या आत मात्र करू नये, कारण तोवर जो नकार देतो तो बहुधा देह नसतो, अभिमान असतो.

माझ्या पुतण्याने शिमग्याला येताना स्वतःची लाकडी गिटार आणली. तिची पाठ शिसवीची होती. ब्राझीलचे लाकूड दुर्मिळ झाल्यामुळे १९६९ पासून अमेरिकेतल्या मार्टिनसारख्या नामांकित कारखान्यानेही हिंदुस्थानी शिसव वापरायला घेतली, आणि ती शिसव आपल्या सह्याद्रीतही वाढते, हे मी सांगितल्यावर तो बराच वेळ त्या पाठीवरून हात फिरवीत राहिला. मुंबईच्या खोलीत दोन वाद्यांना जागा नाही म्हणून जाताना ती त्याने माझ्या हवाली केली. मृगापासून आमची हवा अशी ओली होते की दाराची फळीसुद्धा फुगते. तसे तिचे पोट फुगू नये म्हणून त्याच्या सांगण्यावरून साऱ्या तारा एकेक स्वराने उतरवल्या आणि ती माजघरात, चुलीच्या बाजूच्या कोरड्या भिंतीला, खुंटीवर टांगली.

संध्याकाळी दिवा लावून मी हरिपाठाला बसतो. आषाढात एके दिवशी षड्ज लावला आणि थांबलो, तर घरात दुसऱ्या कोणाचा तरी षड्ज बारीक चालू होता. भिंतीशी जाऊन कान लावला. मी त्याला फोनवर हे सांगितले तेव्हा त्याने मला सूर लावून दाखवायला सांगितले, मी लावला. पलीकडे क्षणभर काहीच नव्हते. मग तो म्हणाला, “पांढरी एक. ती चौथी तार, काकानू.”