सॉरी म्हणायचं कुणी?

मोटार विम्याच्या क्लेम खात्यात नोकरी झाल्यामुळे ‘सॉरी’ या शब्दाकडे मी जरा संशयानेच बघते. पॉलिसीच्या बारीक अक्षरांत एक अट असते : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय विमाधारकाने चूक कबूल करायची नाही, भरपाईचा शब्द द्यायचा नाही. आता धडकेने पडलेल्या स्कूटरवाल्याला उठवताना तोंडातून ‘सॉरी’ निघालं, तर ती कबुली की नुसता कळवळा?

इंग्रजांना दोन्ही चालतं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘व्यथित’ एवढाच होता. अपराधाचा भाग मागाहून चिकटला. आज तिकडे कुणी वारलं तरी सॉरी, ऐकू आलं नाही तरी सॉरी. आपण धक्का लागल्यावरचं सॉरी तेवढं उचललं. मयताच्या घरी अजून ‘फार वाईट झालं’ असंच म्हणतो, आणि ते बरं आहे.

ही संदिग्धता राज्यकर्त्यांच्या फार कामी येते. ऑस्ट्रेलियात सरकारने आदिवासी मुलं आईबापांपासून तोडून नेली. 1997 मध्ये त्याचा अहवाल आला. 1999 मध्ये पंतप्रधान हॉवर्ड यांनी संसदेत ‘खेद’ व्यक्त केला, पण सॉरी म्हणायला ते तयार नव्हते. आधीच्या पिढ्यांच्या कृत्यांचा दोष आजच्यांनी का घ्यावा, हा त्यांचा मुद्दा. तो शब्द 13 फेब्रुवारी 2008 रोजी पुढचे पंतप्रधान केव्हिन रड यांनी उच्चारला. राष्ट्रीय भरपाई निधीला मात्र त्यांच्या सरकारने नकार दिला.

हॉवर्ड यांचा मुद्दा पोकळ नाही. न केलेल्या पापाचा पश्चात्ताप कसा करणार? पण सरकार म्हणजे एक माणूस नव्हे. संचालक बदलले म्हणून कंपनीला जुने क्लेम झटकता येत नाहीत. तिजोरी वारशाने घेतली की देणंही आलं. आणि ज्यू धर्मशास्त्र तर त्याहून कडक. माणसाने माणसाचा केलेला अपराध योम किप्पुर या प्रायश्चित्ताच्या दिवशीच्या उपासाने फिटत नाही, आधी त्या माणसाचं समाधान करावं लागतं. देवाकडे परस्पर मिटवामिटवी नाही!

इंग्लंडने 2006 मध्ये कायदाच केला की नुसती माफी मागणं म्हणजे हलगर्जीपणाची कबुली नव्हे. त्या स्कूटरवाल्यापुरता हा कायदा मला पटतो. त्याच देशाच्या पंतप्रधान थेरेसा मे 2019 मध्ये, जालियनवाला बाग हत्याकांडाच्या शताब्दीच्या तोंडावर, संसदेत ‘खेदा’पाशीच थांबल्या.