आजचं चिंतन: गीता ९.२२



मागच्या ऑक्टोबरमध्ये इथे मिनेसोटात बाहेरच्या नळाची बागेची नळी काढायचा कंटाळा केला. म्हटलं, देव बघून घेईल. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. थंडीत पाइप फुटला आणि बर्फ वितळताच पाणी भिंतीपलीकडच्या आजींच्या बेसमेंटमध्ये शिरलं.

या श्लोकात भगवंत भक्ताचा योगक्षेम वाहण्याचं वचन देतात. क्षेम म्हणजे मिळालेल्याचं रक्षण. पण वचन आहे सतत त्याच्याशी जोडलेल्याला. मी मात्र आळसाला श्रद्धा म्हणत होतो, आणि भुर्दंड आजींना!

काल आतला व्हॉल्व्ह बंद केला, नळ रिकामा केला, पन्हळीतला पालापाचोळा काढला. मुखी नाम होतंच. रक्षण तोच करतो, पण हात आपलेच मागतो.

तुम्ही कुठलं काम देवावर ढकललंय?