माहीमचे गोडे पाणी : विचित्र बातमी आणि तिचा वाचक

विचित्र बातमी ऐकून माणूस एकतर हसतो किंवा हात जोडतो, आणि या दोन प्रतिक्रिया विरुद्ध टोकांच्या आहेत असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हसणारा तो विवेकी आणि हात जोडणारा तो भाबडा, अशी त्यांची वाटणीही होऊन जाते. ही वाटणी तपासून पाहण्याजोगी आहे, कारण बातमी जशी पुढ्यात आली तशीच, तिचा मागचा-पुढचा धागा न शोधता, दोघांनीही घेतलेली असते. एकाने तिच्यावर विश्वास ठेवला आणि दुसऱ्याने तिची मजा घेतली, एवढाच काय तो फरक. घडलेल्या गोष्टीपर्यंत दोघांपैकी कोणीच गेलेले नसते.

जगावेगळ्या घटनांच्या या किरकोळ बातम्यांना फ्रेंच पत्रकारितेत ‘फे दिव्हेर’ असे नाव आहे, आणि त्या नावातच राजकारण, अर्थकारण, क्रीडा अशा ठरलेल्या कप्प्यांत न बसणाऱ्या सटरफटर घडामोडी हा अर्थ आहे. रोलां बार्थ या फ्रेंच समीक्षकाने १९६२ मध्ये या प्रकारावर एक निबंध लिहिला. राजकीय हत्येची बातमी समजण्यासाठी वाचकाला त्या देशाचे राजकारण थोडेफार ठाऊक असावे लागते, तर विचित्र बातमीला बाहेरच्या कशाचीच गरज नसते, तिला लागणारे सर्व काही तिच्या आतच असते, असे त्याचे प्रतिपादन थोडक्यात सांगता येईल. बातमीच्या घडणीचे हे वर्णन अचूक आहे. मात्र त्याला एक जोड द्यावी लागते, ती अशी की घटना कधीच अशी स्वयंपूर्ण नसते. तिचे धागे तोडून तिला स्वयंपूर्ण केले जाते, आणि वाचकाचे हसू किंवा नमस्कार त्या तोडण्यावर शिक्कामोर्तब करतो.

२१ सप्टेंबर १९९५ या दिवशी दिल्लीतील एका मंदिरात गणपतीची मूर्ती चमच्याने दिलेले दूध पीत असल्याची वार्ता पहाटे उठली, दूरध्वनीवरून ती दुपारपर्यंत देशभर पसरली, आणि लंडनसारख्या परदेशी शहरांतील हिंदू मंदिरांपुढेही लोक दुधाची भांडी घेऊन उभे राहिले. महाराष्ट्रात गणपतीचे विसर्जन होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते आणि पितृपक्ष चालू होता, म्हणजे पंचांगाप्रमाणे हा काही गणेशपूजेचा मोसम नव्हता; तरीही मंदिरांपुढे रांगा लागल्या. त्या दिवसाची आठवण आता बहुधा जनतेच्या भाबडेपणाचा नमुना म्हणून काढली जाते, आणि त्यात रांगेतल्या माणसांवर एक अन्याय होतो. त्यांनी ऐकीव गोष्टीवर नुसती मान डोलावली नव्हती. ती घराबाहेर पडली, ताटकळली, आणि प्रत्येकाने आपल्या हाताने चमचा सोंडेला लावून पाहिला. त्यांनी जे पाहिले तेही खोटे नव्हते, कारण चमच्यातले दूध खरोखरच कमी होत होते.

उणीव होती ती पुढच्या पायरीची. द्रवाच्या पृष्ठभागावरचे कण एकमेकांना धरून राहतात आणि त्यामुळे पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा वागतो; या गुणधर्माला पृष्ठताण म्हणतात. काठोकाठ भरलेल्या चमच्यातील दुधाचा फुगीर पृष्ठभाग मूर्तीला टेकला की दूध दगडाला चिकटते आणि मूर्तीच्या अंगावरून पातळ थराने खाली उतरू लागते, एक थेंब दुसऱ्याला ओढत नेतो, आणि आधीच ओल्या झालेल्या पांढऱ्या संगमरवरावर तो ओघळ डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागातील शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तेच दूध मूर्तीला पाजले, तेव्हा ओघळ स्पष्ट दिसला. हा प्रयोग इतका साधा होता की रांगेतल्या कोणालाही घरातल्या चिमूटभर कुंकवाने तो करता आला असता. रांगेतला माणूस या प्रयोगापासून एका पायरीवर उभा होता. घरी बसून त्याला हसणारा मात्र, ज्याला दूध कुठे जाते हे सांगता आले नसते आणि ते जाणून घ्यावेसेही वाटले नव्हते, तो अनेक पायऱ्या दूर होता, ही गोष्ट नीट नोंदवली गेलेली नाही.

अशा वार्ता केव्हा उठतात, या प्रश्नाचे एक मोलाचे उत्तर भारतातच हाती आलेले आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारमधील भूकंपानंतर जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी लोकांमध्ये पसरलेल्या अफवा गोळा केल्या. जिथे धक्का तीव्र जाणवला पण प्रत्यक्ष हानी झाली नाही, अशा भागातही आणखी मोठे अरिष्ट येणार, प्रलय होणार, अशा अफवा फिरत होत्या. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाला हे कोडे वाटले, कारण घाबरलेल्या माणसाने धीर देणाऱ्या गोष्टीवर विश्वास ठेवावा, भीती वाढवणाऱ्या गोष्टीवर का ठेवावा? त्याने १९५७ च्या आपल्या ग्रंथात त्याचे उत्तर असे दिले की लोकांच्या मनात भीती आधीच होती, परंतु भोवताली तिला पुरेल असे काही दिसत नव्हते, आणि अफवेने त्या भीतीला तिच्या मापाचे कारण मिळवून दिले. हे उत्तर भीतीपुरते मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. दिलाशाची भूकही अशीच असते, आणि ती भागवण्याजोगे भोवताली काही नसेल तर तिच्याही मापाची वार्ता शोधली जाते.

१८ ऑगस्ट २००६ च्या संध्याकाळी मुंबईत माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाल्याची बातमी पसरली आणि लोक ओंजळीने ते पिऊ लागले, बाटल्या भरून घरी नेऊ लागले. प्रदूषण नियंत्रण मंडळाने पाणी पिऊ नका म्हणून सांगितले, महापालिकेला साथीची चिंता पडली, आणि पुढच्या काही तासांत गुजरातमधील तिथल किनाऱ्यावरही पाणी गोड झाल्याची वार्ता आली. पाण्यावर प्लास्टिक आणि कचरा तरंगत असताना ते पिणाऱ्या माणसांची दृश्ये जगभर दाखवली गेली, आणि त्यांवर भरपूर हसले गेले.

या बातमीचा पहिला तुटलेला धागा भाषेचा आहे. मराठीत विहिरीचे, नदीचे, खारट नसलेले पाणी ते ‘गोडे पाणी’. त्या शब्दात साखरेची गोडी अभिप्रेत नसते, मीठ नसणे एवढेच अभिप्रेत असते, आणि किनारपट्टीवर राहणाऱ्या कोणालाही पावसाळ्यात खाडीचे पाणी मचूळ होते, क्वचित गोडेही लागते, हे नवल वाटत नाही. परदेशी बातम्यांमध्ये तेच पाणी ‘स्वीट’ झाले आणि एका साध्या निरीक्षणाचा चमत्कार होऊन बसला. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील भूशास्त्रज्ञांनी दिलेले स्पष्टीकरणही याच अंगाने जाणारे होते: पावसाचे साठलेले पाणी एकाएकी समुद्रात आले असावे, आणि गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे ते लगेच मिसळून न जाता वरच्या थरात तरंगत राहिले असावे. दुसरा धागा मिठी नदीचा आहे. विहार आणि पवई या तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही नदी शहराचे सांडपाणी आणि कारखान्यांची घाण घेऊन माहीमच्याच खाडीत येते, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा तिनेच काठावरची वस्ती बुडवली होती. पाणी पिणाऱ्यांना हसण्यात ही नदी बातमीबाहेर राहिली. ते पाणी इतके घाण का होते, हा प्रश्न ते गोडे का झाले या प्रश्नाइतकाच विचारण्याजोगा होता.

आणि तिसरा धागा माणसांचा आहे. पुष्कळांनी पाण्याच्या गोडीचे श्रेय मखदूम अली माहिमी यांना दिले. या संताचा दर्गा माहीममध्येच आहे आणि तेथे सर्व धर्मांचे लोक नवस बोलतात. त्याच्या पाच आठवडे आधी, ११ जुलैच्या संध्याकाळी, पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत अकरा मिनिटांत सात बॉम्बस्फोट झाले होते आणि १८० हून अधिक माणसे मारली गेली होती. शहर एकमेकांकडे संशयाने पाहत होते. अशा वेळी एका दर्ग्याच्या पुण्याईने समुद्र गोडा झाला ही वार्ता कोणत्या भुकेच्या मापाची होती, हे फेस्टिंगरच्या उत्तराच्या उजेडात पाहता आले असते. निदान ओंजळ भरणाऱ्या एखाद्या माणसाला तो तिथे का आला हे विचारता आले असते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी पुन्हा खारट झाल्याचे लोक सांगू लागले आणि बातमी संपली. स्फोट झालेल्या स्थानकांपैकी एक माहीमचे होते, आणि ते त्या किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.