भय कोणाचे, अभय कोणाला?

मराठीत ‘भित्रा’ ही शिवी आहे आणि ‘पापभीरू’ हे प्रशस्तिपत्र आहे. दोन्ही शब्द एकाच धातूपासून निघाले. परंतु एक ऐकताच माणूस चिडतो आणि दुसरा ऐकताच सुखावतो. माझ्या वडिलांना सारे आप्तेष्ट पापभीरू म्हणत. दिल्लीस केंद्र सरकारच्या एका कचेरीत कारकुनी करू लागल्यापासून मलाही सहकारी तसेच म्हणतात. या विशेषणाचा मला पुष्कळ दिवस अभिमान वाटत असे. आपण नेमके पापाला भितो की पाप उघडकीस येण्याला भितो, हा प्रश्न मात्र मी स्वतःला कधी विचारला नव्हता.

आपल्या साहित्यशास्त्राने भयाला हीन लेखलेले नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ स्थायी भावांमध्ये भयाला मानाचे स्थान आहे. भयानक रसाचा वर्ण काळा आणि देवता काल, असे भरत सांगतो. त्या रसाचे त्याने केलेले तीन प्रकारही मार्मिक आहेत : एक लटक्या भयाचा, दुसरा स्वतःच्या अपराधातून उपजणाऱ्या भयाचा आणि तिसरा दुसऱ्याने घातलेल्या धाकाचा. सरकारी कचेरीत आयुष्य काढणाऱ्याला हे तिन्ही प्रकार शिकविण्याची आवश्यकता नाही. वरिष्ठांपुढे दाखवावयाची भीती, चूक झाल्याची भीती आणि बदलीच्या नुसत्या उल्लेखाने वाटणारी भीती यांचा अनुभव त्याला एकाच दिवसात, दुपारच्या चहाच्या आत येऊ शकतो.

मग जीवनात नकोसे वाटणारे हे भय साहित्यात आपण आवडीने का अनुभवतो? अ‍ॅरिस्टॉटलने शोकान्तिकेच्या संदर्भात करुणा आणि भय यांची जोडी लावली, ती प्रसिद्धच आहे. तथापि मला अधिक पटते ते सुमारे हजार वर्षांपूर्वी काश्मिरात होऊन गेलेल्या अभिनवगुप्ताचे विवेचन. त्यासाठी त्याने उदाहरण घेतले ते ‘शाकुन्तला’च्या पहिल्या अंकातील. दुष्यन्ताचा रथ पाठीशी लागला आहे आणि हरिण मान वळवून मागे पाहात जीव घेऊन धावत आहे. अभिनवगुप्त म्हणतो की, हे भय ‘माझे’ नसते, ‘मित्राचे’ नसते आणि ‘शत्रूचे’ही नसते. देशकालाची बंधने गळून केवळ भय तेवढे प्रतीतीस येते, आणि म्हणूनच ते आस्वाद्य होते.

याचा अर्थ मी असा लावतो : व्यवहारातील भय माणसाला आकुंचित करते. ज्याला भय वाटते त्याच्या जगात शेवटी एकच व्यक्ती उरते, ती म्हणजे तो स्वतः. साहित्य त्या भयातून ‘मी’ काढून घेते, आणि मग आपणांस हरिण दिसू लागते. हा केवळ रसास्वादाचा प्रश्न नसून आचरणाचाही आहे, हे मला ज्या प्रसंगाने कळले तो सांगण्यासारखा नाही. तरीही सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडील एक शिपाई सेवेत असतानाच वारला. त्याच्या पत्नीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाचे कागद माझ्या टेबलावर आले. अशा प्रकरणी पहिली १० वर्षे अखेरच्या वेतनाच्या ५० टक्के, म्हणजे वाढीव दराने, रक्कम द्यावयाची असते. माझ्या हातून ३० टक्क्यांचा साधा दर लिहिला गेला. पुढच्या सह्या यथाक्रम झाल्या. सात महिन्यांनी दुसरे प्रकरण तपासताना माझी चूक माझ्या ध्यानात आली. त्याच दिवशी टिप्पणी लिहून ती वर पाठविणे हे माझे कर्तव्य होते. पण माझ्या पदोन्नतीचा विचार नजीक आला होता. खुलासा मागितला जाईल, सेवापुस्तकात शेरा पडेल, या धास्तीने मी ती फाइल गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली. ती तेथे पाच महिने राहिली.

त्या दिवसांत चेकॉव्हची १८८३ सालची एका कारकुनाच्या मृत्यूची कथा मी पुन्हा वाचली. नाट्यगृहात हा कारकून शिंकतो आणि पुढे बसलेल्या एका जनरलच्या टकलावर तुषार उडतात. जनरल ते मनावर घेत नाही. पण हा पुनःपुन्हा क्षमा मागत राहतो. अखेर तो वैतागून ओरडतो, आणि हा घरी येऊन गणवेशासह कोचावर पडतो व मरतो. पूर्वी मी या कथेला हसत असे आणि त्या बिचाऱ्याची कीवही करीत असे. या वेळी एक निराळीच गोष्ट जाणवली. त्या कारकुनाने जनरलकडे खऱ्या अर्थाने एकदाही पाहिलेले नाही. समोरचा माणूस रागावलेला नाही, हे त्याला दिसतच नाही. भयाने त्याला आंधळे केले आहे.

पुढच्याच आठवड्यात ती बाई एका दाखल्यासाठी आमच्या खिडकीशी आली. मला पाहताच तिने हात जोडले आणि आपला वेळ घेतल्याबद्दल दोनदा माफी मागितली. बोलता बोलता तिने सांगितले की, घरखर्च भागेना म्हणून थोरल्या मुलीचे कॉलेज सोडवून तिला दुकानात कामाला लावले आहे. तिचे हात किंचित थरथरत होते. ती मला भीत होती! साहेबांच्या घंटेने ज्याच्या पोटात गोळा उठतो, त्या मला! आजवर मी स्वतःला हरिण समजत आलो होतो. माझ्या हातातही एक धनुष्य आहे, याचा मला पत्ताच नव्हता.

जे भिवविते तेही बहुधा भ्यालेलेच असते. बलाढ्य ब्रिटिश सरकारने १९१० साली खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर बंदी घातली. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या त्या पौराणिक नाटकातील कीचकात प्रेक्षकांना लॉर्ड कर्झन दिसू लागला होता. तोफा बाळगणारी सत्ता एका नाटकाला भ्याली आणि भीतीपोटी धाक वाढवीत गेली. साम्राज्याचे जे, तेच कारकुनाचे. माझ्या भीतीचा भार अखेर ज्यांच्याजवळ माझ्याहूनही कमी बळ होते, त्यांच्यावरच पडला.

कोणी म्हणेल, नोकरदाराला मुलेबाळे असतात. त्याने भ्यावे हेच शहाणपण. हा युक्तिवाद मीही स्वतःशी पाच महिने केला, आणि तो सर्वस्वी खोटा नाही. पण त्यातील ‘मुलेबाळे’ ही माझीच होती, तिची नव्हती. दुसऱ्यासाठी वाटणाऱ्या भयाने माणसाची दृष्टी विस्तारली पाहिजे. जे भय मला माझ्या उंबरठ्यापलीकडचे काहीच पाहू देत नाही, त्याला मी कितीही मुलांची नावे दिली, तरी ते माझेच भय असते.

गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची गणना ‘अभय’ या गुणापासून सुरू होते. अभय म्हणजे निर्भयता, असा अर्थ आपण सहज करतो. परंतु आपल्या भाषेत अभय ‘देतात’ही. संन्यास घेणारा सर्व भूतांना अभय देतो, तेव्हा ‘मी कोणाला भीत नाही’ असे तो म्हणत नाही. ‘माझ्यापासून कोणाला भय नाही’ असे म्हणतो. निर्भय होणे माझ्यासारख्याच्या आवाक्यात नसेल. पण अभय देणे भित्र्या माणसालाही शक्य आहे. दुसऱ्या दिवशी मी टिप्पणी लिहिली, तेव्हा माझा हात कापतच होता.

ही शौर्याची कथा नव्हे. खुलासा मागितला गेला, लेखी समज मिळाली, पदोन्नती लांबली. त्या बाईला थकबाकीची पै न् पै मिळाली. मुलीचे गेलेले वर्ष मात्र कोणत्याच शीर्षाखाली परत देता येत नाही, आणि त्यातील पाच महिने माझ्या भीतीच्या खाती जमा आहेत.

‘शाकुन्तला’त त्या हरिणाच्या पुढे काय होते, हे आपणांस आठवत असेल. एक तपस्वी हात वर करून मध्ये येतो, हा आश्रमातला मृग आहे, याला मारू नये, असे राजाला सांगतो, आणि राजा बाण उतरवितो. तो तपस्वी राजाला भीत होता की नव्हता, हे कालिदासाने सांगितलेले नाही. त्याला हरिण दिसले होते, एवढे खरे. आता मला कोणी पापभीरू म्हटले की मी संकोचतो. त्या शब्दाला पात्र होण्यासाठी मी काय केले, यापेक्षा खिडकीशी आलेला माणूस हात जोडतो की सरळ बोलतो, हे पाहण्याची सवय मी लावून घेतो आहे.